ऱ्होनच्या बांधावरची वाट

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला व्हॅले नावाचा कँटन आहे. तिथे ब्रिगहून मार्तिन्यीकडे ऱ्होन नदीच्या सोबतीने जाणारा सायकलचा रस्ता मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबांच्या खास आवडीचा. दोन्ही अंगांना डोंगर, त्यांच्या मागे चार हजार मीटरच्या वर गेलेली बर्फाची शिखरे, आणि या सगळ्यातून जाताना पायाला ताण म्हणून नाही. ब्रिग समुद्रसपाटीपासून सुमारे ६७० मीटरवर आहे, मार्तिन्यी सुमारे ४७० मीटरवर, आणि मधले अंतर ८० किलोमीटरच्या आसपास. किलोमीटरमागे जेमतेम अडीच मीटरांचा उतार, तोही जाणाऱ्याच्या बाजूने. दमलेल्या मुलाला सायकलीसकट रेल्वेत बसवता येते, कारण रुळ नदीची पाठ सहसा सोडत नाहीत. १९९८ साली स्वित्झर्लंडने देशभरचे नऊ राष्ट्रीय सायकलमार्ग आखून त्यांवर पाट्या लावल्या, त्यांत ऱ्होनच्या मार्गाला पहिला क्रमांक मिळाला. आंदरमाटहून जिनिव्हापर्यंतच्या या मार्गात २,४२९ मीटर उंचीची फुर्का खिंड येते आणि ती लहान मुलांचे काम नव्हे. पण ब्रिगपासून खाली मार्ग सौम्य होतो. हा सौम्यपणा लोक दरीचा जन्मजात गुण समजतात. नदी आहे, तिच्या काठाने सपाटी असणारच, सपाटीवरून वाट जाणारच. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ही वाट सोपी झाल्याला दीडशे वर्षेही धड झालेली नाहीत. त्याआधी साऱ्या कँटनात माणसाला सर्वांत अवघड जागा कुठली असेल, तर ती दरीच्या तळाची हीच सपाट पट्टी होती.

पहिला पुरावा जुनी गावे स्वतःच देतात. दरीत उतरून पाहिले तर जुन्या वस्तीचे गावठाण नदीकाठी क्वचितच सापडते. बाजूच्या घळींतून येणारे ओढे मुखाशी दगडमातीचा पंख्यासारखा उंचवटा पसरतात. गावे बसली ती त्या उंचवट्यांवर, नाहीतर कातळाच्या टेकाडांवर, नाहीतर उन्हाकडे तोंड केलेल्या उतारांवर. कँटनची राजधानी सियोन दोन टेकड्यांच्या आश्रयाला उभी आहे. लॉइक नदीपासून चांगले वर. रारोनची कथा अधिक स्पष्ट आहे. तिथले जुने चर्च खाली होते; पंधराव्या शतकाच्या अखेरीस बीचबाख ओढ्याच्या पुराने ते गेले, आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाने नवे चर्च बांधले ते थेट कातळावरच्या जुन्या गढीत. रायनर मारिया रिल्के या कवीची समाधी त्याच चर्चच्या भिंतीला लागून आहे. आज तिथे जाणारे वाचक दरीचे देखणे दृश्य पाहतात, पण चर्च वर गेले ते दृश्यासाठी नव्हे.

त्याहून बोलका पुरावा पाण्याचा आहे. ही दरी आल्प्सच्या मानाने फार कोरडी. सियोनला वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उतारावरची कुरणे आणि द्राक्षमळे जगवायला लोकांनी मध्ययुगापासून पाट काढले. फ्रेंच बोलणारे त्यांना ‘बिस’ म्हणतात, जर्मन बोलणारे ‘सुऑने’. बाजूच्या खोऱ्यांत हिमनदीच्या तोंडाशी पाणी धरायचे आणि कित्येक किलोमीटर डोंगराच्या कडेकडेने गावापर्यंत आणायचे. जिथे कडा तुटलेला, तिथे खडकात लाकडी कड्या ठोकून त्यांवर पोकळ ओंडक्यांची पन्हळ टांगायची. पाणी कुणाचे, किती वेळ, हे लाकडी पट्ट्यांवर खुणा कोरून ठरवलेले. या पाटांच्या दुरुस्तीत माणसे कड्यावरून पडून मरत. आणि हे सगळे होत असताना खाली, डोळ्यांसमोर, कँटनमधली सर्वांत मोठी नदी भरून वाहत होती. शेजारी एवढे पाणी असताना माणूस कड्याला पन्हळी टांगतो, याचा अर्थ त्या पाण्याजवळ जाणे त्याला परवडत नव्हते.

का परवडत नव्हते, हे नदीच्या स्वभावात आहे. ऱ्होन हिमनदीच्या पोटातून निघते आणि वाटेत अनेक हिमनद्यांचे पाणी घेते. म्हणून हिवाळ्यात ती रोडावते आणि उन्हाळ्यात, बर्फ वितळू लागले की, जून ते ऑगस्ट फुगते. शिवाय ती एकटी येत नाही. दोन्ही बाजूंच्या उभ्या घळींतून येणारे ओढे रेती, गोटे, कधी घराएवढे धोंडे तिच्या पात्रात आणून टाकतात. उतार एवढा कमी की नदीला ते पुढे नेववत नाहीत. गोटे साचतात, तळ वर येतो, नदी बाजूला सरकते, नवी धार फोडते, जुनी धार सडत राहते. असे शतकानुशतके चालल्यावर तळपट्टी म्हणजे धारांचे जाळे, बेटे, वाळूचे उंचवटे, शेवाळलेली डबकी आणि वेळूसारख्या बोरूंची बने एवढेच उरले. गावांची सामाईक गुरे तिथे चरायला सोडत, कनिष्ठ प्रतीचे गवत कापून आणत. डासांबरोबर हिवताप येई. वाटसरू जमेल तेवढा डोंगराच्या पायथ्याला चिकटून जाई. म्हणजे आज ज्या महिन्यांत शाळांना सुट्ट्या असतात आणि सायकली रस्त्यावर येतात, नेमके तेच महिने या पट्टीत पाय न ठेवण्याचे होते. माझ्या मते सगळ्या युक्तिवादाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

इथे कुणी म्हणेल की सपाटी तर हिमनदीनेच केली. माणसाने बांध घातले असतील, पण तळ काही त्याने खरवडलेला नाही. हे खरे आहे, आणि हे ज्ञानही याच दरीने जगाला दिले, म्हणून जरा थांबून सांगायला हवे. मार्तिन्यीच्या वरच्या बाञ खोऱ्यातला जाँ-पिएर पेरोदाँ हा शिकारी गडी डोंगरात वावरताना खडकांवरचे ओरखडे आणि भलत्याच जागी पडलेले धोंडे पाहून म्हणू लागला की हिमनद्या एके काळी फार खालपर्यंत पसरलेल्या असणार. कँटनचा अभियंता इग्नाझ व्हेनेत्झ याला ते हळूहळू पटले, त्याच्याकडून ते जाँ द शार्पांतिए आणि पुढे लुई अगासी यांच्यापर्यंत पोचले, आणि हिमयुगाचा सिद्धान्त उभा राहिला. तेव्हा दरीचा तळ हिमनदीने कोरला आणि नंतर शेकडो मीटर गाळाने भरून निघाला, हे निर्विवाद. पण सपाट जागा आणि चालण्याजोगी जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे तर सपाटी हेच अडचणीचे मूळ होते: उतार असता तर नदीने गोटे वाहून नेले असते, पाणी तुंबले नसते. हिमनदीने दरीला दिली ती दलदल. तिची वाट करण्याचे काम बाकीच होते.

याच व्हेनेत्झचे नाव दुसऱ्या एका प्रसंगाशी जोडलेले आहे. १८१६ च्या थंड वर्षानंतर जिएत्रो हिमनदीचे तुटलेले बर्फ बाञ खोऱ्यात कोसळून नदी अडली आणि मागे मोठे तळे साचले. १८१८ च्या वसंतात व्हेनेत्झने बर्फाच्या त्या भिंतीतून बोगदा खणवून पाणी हळूहळू सोडायला सुरुवात केली. बरेचसे पाणी निघाले. उरलेल्या पाण्याने १६ जूनला भिंत फोडली आणि लोंढा मार्तिन्यीपर्यंत गेला. सुमारे ४० माणसे मेली. बोगदा नसता तर आकडा किती झाला असता, याची कल्पना त्या काळच्या लोकांना होती. नदीपुढे हात टेकायचे की हिशोब करून तिला वाट द्यायची, हा प्रश्न इथे इतक्या थेट शब्दांत विचारला गेला होता.

दुसरा आक्षेप इतिहासाच्या जाणकारांकडून येईल. रोमन लोक इथून जात नव्हते का? मार्तिन्यी म्हणजे त्यांचे ऑक्टोडुरस. सीझरचा सरदार गाल्बा इसवी सनापूर्वी ५७ च्या हिवाळ्यात तिथे तळ ठोकून होता आणि स्थानिक टोळ्यांशी लढून त्याला माघार घ्यावी लागली. खरेच आहे. पण रोमनांना हवी होती ती ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड, म्हणजे दरी ओलांडणारी वाट. मार्तिन्यीहून खाली जिनिव्हाच्या सरोवराकडेही त्यांचा रस्ता होता, तो डोंगराच्या पायथ्याला धरून. पुढे गोएथे १७७९ साली या दरीतून वर चढत फुर्कापर्यंत गेला, हाही दाखला दिला जातो. गोएथे गेला नोव्हेंबरमध्ये, नदी उतरलेली असताना. आणि नेपोलियन? त्याने १८०१ ते १८०५ मध्ये सिंप्लॉन खिंडीतून तोफा इटलीत नेता याव्यात म्हणून रस्ता बांधवला, तो या दरीच्या लांबीतून जातो. हा दाखला सर्वांत वजनदार आहे आणि तो मी टाळत नाही. पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. युरोपातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेने लष्करी गरजेपोटी खजिना ओतला तेव्हा दरीत चाकाला चालण्याजोगा रस्ता झाला. तोसुद्धा नदी ठिकठिकाणी खाऊन टाके. अशी वाट निसर्गाने दिली असे कुणी म्हणत असेल, तर त्याने खर्चाचा हा आकार डोळ्यांपुढे आणावा.

नदीला आवर घालण्याचे प्रयत्न अर्थातच जुने होते, पण ते गावागावांचे होते, आणि तिथेच त्यांची मेख होती. प्रत्येक गाव आपल्या काठावर दगड-लाकडाचे बांध घाली. ते बांध नुसते काठ राखत नसत. ते असे तिरके घातलेले असत की धार समोरच्या काठावर जाऊन आपटावी. मग समोरचे गाव त्याहून मोठा बांध घाली. कज्जे, तंटे, करार, करारभंग यांनी जुनी दफ्तरे भरलेली आहेत. नदी दोन गावांतली सीमा असली की ती दोघांचीही शत्रू होते आणि दोघेही तिला एकमेकांवर सोडतात. हे मोडायला गावापेक्षा मोठी, कँटनपेक्षाही मोठी सत्ता लागणार होती. स्विस संघराज्य उभे राहिले १८४८ साली. रेल्वे सियोनला पोचली १८६० साली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ऱ्होनचा मोठा पूर आला. आता नुकसान केवळ गुराख्यांचे नव्हते. इटलीकडे जाण्याचे स्वप्न पाहणारी रेल्वे आणि तिच्यामागचे भांडवल याच तळपट्टीवर उभे होते. १८६३ मध्ये संघराज्याने खर्चाचा एक तृतीयांश वाटा उचलायचे ठरवले. व्हॅलेसारख्या गरीब कँटनला एरवी हे काम झेपणारे नव्हते.

१८६३ ते १८९४ या तीन दशकांत ब्रिगपासून जिनिव्हाच्या सरोवरापर्यंत ऱ्होनची पहिली दुरुस्ती झाली. तिकडे याला हाच शब्द वापरतात, जणू नदी चुकलेली होती. कल्पना साधी होती. दोन्ही काठांना समांतर बांध घालायचे आणि त्यांच्यापासून पात्रात काटकोनात शिरणारे दगडी बाहू काढायचे. धार मधल्या अरुंद जागेत कोंडली की वेग वाढेल आणि गोटे ती स्वतःच वाहून नेईल. बाहूंच्या मध्ये गाळ साचून काठ आपोआप भक्कम होईल. अंगमेहनत मोठ्या प्रमाणात काठच्याच गावांची होती. ज्यांच्या आजोबांनी समोरच्या गावावर धार सोडली होती, ते आता त्याच गावाबरोबर एका आखणीवर दगड रचत होते. माझ्या लेखी ही या दरीच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना आहे. युद्धे आणि खिंडी तिच्यापुढे दुय्यम. १८७७ साली संघराज्याने नद्यांच्या कामांवर देखरेखीचा कायदाच केला, त्यामागे असाच अनुभव होता.

पण गोटे थांबले नाहीत. पात्राचा तळ पुन्हा वर येऊ लागला, काही ठिकाणी नदी बाजूच्या जमिनीपेक्षा उंचावरून वाहू लागली. १९३० च्या दशकात दुसरी दुरुस्ती हाती घेतली गेली. ती सुमारे १९६० पर्यंत चालली. बांध उंच केले, पात्र आणखी आवळले. दरम्यान बांधांच्या मागे चर आणि कालवे खणून दलदल उपसली गेली. जिथे बोरू होते तिथे जर्दाळू, सफरचंद, अ‍ॅस्परॅगस आले. साक्सों आणि फ्यूली ही नावे फळांसाठी ओळखली जाऊ लागली. दुपारी सरोवराकडून दरीत वर चढणारा वारा मार्तिन्यीच्या काटकोनी वळणावर इतका जोरात येतो की शेते राखायला पॉपलरच्या रांगा लावाव्या लागल्या. (उतरत्या दिशेने जाणाऱ्या सायकलस्वारालाही तो वारा समोरून लागतो, म्हणून निघायचे ते सकाळीच.) वर बाजूच्या खोऱ्यांत धरणे झाली. १९६१ साली पुरी झालेली ग्रांद दिक्सांसची भिंत २८५ मीटर उंच आहे. उन्हाळ्यातले हिमाचे पाणी आता तिथे अडते आणि वीज हवी तेव्हा खाली सुटते. म्हणजे जुलैतली नदी आज जेवढी शांत दिसते, त्या शांततेचा एक भाग वर काँक्रीटच्या भिंतीमागे साठवलेला असतो. आणि बांध राखायचा तर त्यावर दगडाच्या गाड्या नेता येतील असा माथा हवा, काठाने देखभालीचा रस्ता हवा. सायकलच्या वाटेला तोच माथा आणि तोच रस्ता मिळाला. १९९८ मध्ये लागल्या त्या पाट्या. वाट तर शंभर वर्षे तयार होत होती.

यावर एक आक्षेप असा की हे कौतुक एकांगी आहे. नदीचा सरळ कालवा झाला, बेटे गेली, पाणपक्षी, मासे, ओलसर वने गेली. सायकलवरून दिसणारी ती सरळ रेष म्हणजे एका नदीचे हरवणे आहे. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. वाट घडवलेली आहे असे म्हटले की तिची किंमत विचारता येते. ती निसर्गदत्त मानली की किंमत दिसतच नाही. मात्र हिवतापाने खंगलेल्या, चांगल्या जमिनीवाचून परदेशी निघून जाणाऱ्या लोकांना ती रानटी नदी सुंदर वाटायला हवी होती, असे आज सुरक्षित बांधावर उभे राहून म्हणणे मला जमत नाही. त्यांनी जे केले ते त्यांच्या परिस्थितीत योग्यच होते. प्रश्न पुढचा आहे. ऑक्टोबर २००० च्या पुरात बांध काही ठिकाणी फुटले आणि शेते पुन्हा पाण्याखाली गेली. तेव्हा तिसरी दुरुस्ती आखली गेली, तिची दिशा मागच्या दोन्हींच्या उलट: पात्र रुंद करायचे, नदीला जागा परत द्यायची. खर्चाचा अंदाज सुमारे ३.६ अब्ज फ्रँक. २०१५ मध्ये कँटनच्या मतदारांनी तिच्या निधीला कौल दिला, पण जमीन जाणार म्हणून शेतकऱ्यांचा विरोध राहिला. २०२४ मध्ये कँटन सरकारने आराखडा फेरविचाराला घेतला, आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर सिएर आणि शिपीजवळ नदी काठाबाहेर आली. कारखान्यांत पाणी शिरले.

हे सगळे ज्याला केवळ कागदावरचे वाटेल, त्याने लॉइक आणि सिएर यांच्यामधला तुकडा पाहावा. तिथे इलग्राबेन नावाची घळ आहे. आल्प्समधल्या सर्वांत खवळत्या घळींत तिची गणना होते; उन्हाळी वादळांत वर्षातून अनेकदा चिखल आणि धोंड्यांचे लोट तिच्यातून खाली येतात. त्या राशीने दरीचा तळच उंचावला आहे, म्हणून इथे नदीला उतार मिळतो. ब्रिग ते मार्तिन्यीच्या साऱ्या उताराचा मोठा वाटा या थोड्या किलोमीटरांत खर्ची पडतो. इलग्राबेनवरचा सुमारे १३० मीटरचा झुलता पूल २००५ साली भूतानशी असलेल्या मैत्रीतून बांधला गेला; झुलता अशासाठी, की अशा घळीच्या मध्ये खांब रोवून तो टिकण्याची आशा नाही. पहिल्या दुरुस्तीच्या माणसांनीही या तुकड्यात नदीला दोन बांधांत बसवले नाही. फिनवाल्डच्या पाइन वनाला लागून ऱ्होन आजही फाटत, बेटे करत, पांढऱ्या गोट्यांवरून वाहते. मध्ययुगातल्या वाटसरूने पाहिली असेल त्याच्या सर्वांत जवळची नदी हीच. जर्मन आणि फ्रेंच भाषांची सीमाही याच वनात आहे, आणि ते आश्चर्य नव्हे, कारण इथे दरीच्या तळाने माणसांना कधी सहज एकत्र येऊ दिले नाही. इथवर बांधावरून सुखाने आलेली सायकलची वाट या ठिकाणी नदी सोडते, वनातल्या टेकाडांमधून चढ-उतार घेत जाते, आणि सिएरपाशी बांध पुन्हा सुरू झाला की परत काठाला येते.